पाणी बघायला बोरिवलीला

शहापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. मागच्या वेळी याच कार्यक्रमात आम्ही कर्जाच्या हप्त्यांवर बोललो होतो. आज पाण्यावर बोलायचंय. चैत्र लागलाय. आत्ता हे ऐकणाऱ्या तुमच्यातल्या कित्येक जणी हंड्यांच्या रांगेतच बसल्या असतील, तेव्हा हातात वेळ आहे असं धरून जरा सविस्तरच सांगतो.

गेल्या महिन्यात आम्ही बावीस जणी मुंबईला पाणी बघायला गेलो होतो. घरात हे सांगितलं तेव्हा पुरुष माणसं पोट धरून हसली. इथलं सगळं पाणी तिकडं जातं, आणि ह्या निघाल्या तिकडं पाणी बघायला! हसण्यासारखंच होतं ते. तानसा आपल्या तालुक्यात, भातसा आपल्या तालुक्यात. मुंबईची महापालिका सात तलावांचा साठा रोज जाहीर करते. त्यात एकट्या भातसाचा साठा पूर्ण भरला की सुमारे ७१,७०० कोटी लिटर असतो, म्हणजे सातही तलावांच्या बेरजेच्या जवळजवळ निम्मा. आणि आपल्या वाड्यांना मार्च सरला की टँकरची वाट. मुंबईला जाणारी जाडजूड पाइपलाइन ज्यांच्या शेताच्या बांधावरून जाते, त्या बाया पाइपाला कान लावून आतल्या पाण्याचा आवाज ऐकतात. ह्यावर किती बोलावं तेवढं थोडं, पण आज तो विषय नाही.

आज विषय आहे आमच्या उंबराच्या पाण्याचा. वाडीच्या वर, टेपाच्या कुशीत एक जुना उंबर आहे. त्याच्या मुळाशी कातळाला चीर आहे आणि त्या चिरेतून पाणी येतं. आमच्या सासवांच्या सासवा हेच पाणी प्यायल्या. चार वर्षांपूर्वी वाडीत नळ आले, टाकी झाली, सगळ्यांना आनंद झाला. मग उंबराकडे कोण जातंय? तिथं गुरं बसायला लागली, कपडे धुणं सुरू झालं, कोणाच्या घरी कार्य झालं की पत्रावळ्याही तिथंच. आता गंमत अशी, की फेब्रुवारी संपला की नळातून पाण्याऐवजी हवा येते. योजनेची विहीरच आटते. मग पुन्हा हंडे घेऊन उंबराकडे. यंदा गेलो तर वरच्या टेपावर जेसीबी लागलेला. रस्त्याच्या कामाला मुरूम हवा, तो तिथून निघतोय.

झरा खाली आणि मुरूम वर, मग त्याचा याच्याशी काय संबंध, असं आमच्यातल्याच काही जणी म्हणाल्या. तेव्हा पाणी तपासणीच्या प्रशिक्षणाला आलेल्या ताई म्हणाल्या, तुम्ही एकदा कान्हेरीला जाऊन या. तिथल्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी डोंगराकडून पाणी कसं घेतलं ते बघा, मग बोलू.

तर कान्हेरी. बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घसरगुंडी आणि झोपाळे येतात. हे तसलं नाही. शंभर चौरस किलोमीटरच्या वरचं खरंखुरं जंगल आहे, बिबटे असलेलं, आणि त्याच्या चारी अंगांनी मुंबई-ठाण्याच्या इमारती. आम्ही आसनगावहून पहाटेची लोकल धरली, ठाण्याला उतरलो, तिथून घोडबंदर रस्त्यानं बोरिवलीची बस. दरवाजापासून लेणी पाच-सहा किलोमीटर आत आहेत, आतपर्यंत गाडी मिळते. सोमवारी उद्यान बंद असतं, एवढं जाणाऱ्या गटांनी ध्यानात ठेवा. भाकऱ्या घरूनच न्या.

आत शिरल्यावर आमच्या आजी म्हणाल्या, "हे तर आपलंच रान आहे, साग, कुडा, पळस. मग ह्यात बघायचं काय?" चढायला लागलो तेव्हा कळलं काय ते.

कान्हेरीचा डोंगर म्हणजे एक काळा उघडा कातळ. त्यात शंभराच्या वर लेणी कोरलेली आहेत. इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून ते पुढं जवळपास हजार वर्षं इथं बौद्ध भिक्खूंचा वास होता. जुन्या लेखांत ह्या जागेला कण्हगिरी म्हटलंय, म्हणजे काळा डोंगर. पावसाळ्यात भिक्खूंनी फिरायचं नाही, एका जागी राहायचं, असा त्यांचा नेम. त्यातून इथं मोठी वस्तीच झाली. तीन नंबरच्या लेण्यात दोन बाजूंना बुद्धाच्या दोन उंचच उंच मूर्ती आहेत, मान वर करून बघाव्या लागतात. तिथं आम्ही घटकाभर बसलो. तिथला गारवा आमच्या लक्षात राहिलाय. पण आमचं खरं काम दुसरीकडं होतं.

जवळजवळ प्रत्येक लहान लेण्याच्या ओट्याशेजारी खडकात एक टाकं कोरलेलं असतं. आपल्या माहुली किल्ल्यावर आहेत तशीच टाकी. लेखांमध्ये त्याला पोढी म्हणतात. तोंड लहान, चौकोनी, आणि बऱ्याचदा वर कातळाचं छप्पर येईल असं आत सरकवलेलं. आत मात्र हात पुरणार नाही एवढी पोकळी. तोंड लहान का? ऊन कमी लागावं, वाफ कमी व्हावी, पालापाचोळा कमी पडावा. हे कोणी सांगायच्या आधी आमच्या एका काकींनी ओळखलं. त्या म्हणाल्या, "रांजणाचं तोंड पण पोटाहून लहानच असतंय की."

मग आम्ही पाणी येतं कुठून ते शोधायला लागलो. लेण्यांच्या वर चढून गेलात तर कातळावर बोटभर, चार बोटं रुंदीच्या पन्हळी कोरलेल्या दिसतात. पावसाचं पाणी कातळावरून धावतं, पन्हळीत शिरतं, पन्हळ ते टाक्यात आणून सोडते. एक टाकं भरलं की पुढच्याची वाट. डोंगराच्या अंगावर पडलेलं पाणी वाहून जायच्या आत त्याला दहा ठिकाणी बसवून घेतलंय. आणि बघा, एकच मोठं धरण बांधून सगळ्या भिक्खूंना तिथवर चालायला लावलं नाही. ज्याच्या दाराशी त्याचं टाकं. हे बघून आमच्यातली एक सून पटकन बोलली, "ही अक्कल तेव्हा होती?" सगळ्या हसल्या, पण तिला रोज अर्धा तास चढून दोन हंडे आणावे लागतात, तिच्या तोंडून ते हसण्यावारी आलेलं नव्हतं.

लेख वाचता येणारं आमच्यात कोणी नव्हतं. ब्राह्मी लिपी आहे ती. पण तिथं काय लिहिलंय ते पुस्तकांत आलेलं आहे, आणि निघायच्या आधी आम्ही ते गटाच्या बैठकीत वाचून काढलं होतं. हे टाकं कोणी दिलं, कुठल्या गावचं माणूस, त्याचा धंदा काय, अशी नावं आहेत. कल्याण, सोपारा, चौल ह्या गावांची नावं आहेत. सोपारा म्हणजे आजचा नालासोपारा. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनारानं एक पोढी दिली, असा एक लेख आहे. कल्याण आपल्या बाजाराचं गाव. आज कल्याणचा सोनार म्हटलं की आपल्याला मंगळसूत्र गहाण ठेवलेलं आठवतं, आणि त्या काळच्या सोनारानं काय दिलं, तर पाणी! दुसऱ्या एका लेखात सातवाहन राजाच्या राणीचा उल्लेख आहे. तिच्या सतेरक नावाच्या अमात्यानं पाण्याचं टाकं दिलं. ही राणी म्हणजे वासिष्ठीपुत्र सातकर्णीची बायको, एका महाक्षत्रपाची मुलगी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली गोष्ट. आणि राण्याच नाही, साध्या घरातल्या बायका, भिक्खुणी यांचीही नावं दान देणाऱ्यांत बरीच आहेत. हे आम्हाला फार आवडलं. आमच्या वाडीच्या टाकीवर ज्यांची नावं रंगवली आहेत त्यात एकही बाई नाही. खड्डे खणायला मात्र सगळ्या होत्या.

आता मुद्द्याचं. ते पाणी आम्ही प्यायलो का? नाही. तहान लागली होती, पाणी नितळ दिसत होतं, तरी नाही. तिथल्या पहारेकऱ्यानं सांगितलं, प्यायचं नाही. दोन-तीन टाक्यांत प्लॅस्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या, एकीकडं माकडं पाण्याशी बसलेली. पायऱ्यांवर काकडी आणि बोरं विकणारी एक बाई भेटली, जंगलातल्याच पाड्यावर राहणारी. आम्ही तिला विचारलं, "ताई, तुम्ही पाणी कुठलं पिता?" ती म्हणाली, "आणावं लागतं." पुढं काही बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही. ज्या पाण्यावर इतकी वर्षं माणसं जगली, ते निव्वळ राखण सुटल्यामुळे पिण्याचं राहिलं नाही. आमच्या उंबराचं चार वर्षांतच तसं होऊ घातलंय.

ह्याच जंगलात विहार आणि तुळशी असे दोन तलाव आहेत. मुंबईला नळानं पहिलं पाणी आलं ते विहारचं, १८६० साली. त्याआधी तिथं विहिरी आणि तळी होती, ती पुरेनाशी झाली. १८७९ मध्ये तुळशी झाला. शहर वाढत गेलं, तहान वाढली, आणि १८९२ मध्ये तानसाचं पाणी निघालं, म्हणजे शहर आपल्या दारात आलं. पण आम्हाला सांगायचंय ते वेगळंच. ह्या दोन तलावांना पाणी जिथून येतं तो सगळा डोंगर शहरानं मोकळा ठेवला. तिथं घरं नाहीत, शेती नाही, खाण नाही. एवढ्या महागड्या जमिनीच्या मधोमध जंगल टिकलं त्याचं हे एक मोठं कारण आहे. नळाला पाणी हवं तर नळाच्या वरचा डोंगर राखायला लागतो, हे मुंबईला दीडशे वर्षांपूर्वी समजलं होतं. दहिसर, पोयसर, ओशिवरा, मिठी ह्या नद्या तिथूनच निघतात. जंगलात असेपर्यंत त्या नद्या असतात, वस्तीत शिरल्या की गटारं होतात. तेही आम्ही येताना पुलावरून नाक धरून बघितलं.

घरी आल्यावर झऱ्याचं कसं असतं ते आम्ही सगळ्या गटांना समजावलं. ज्या पद्धतीनं समजावलं तेच तुम्हाला सांगतो. तांदूळ धुऊन आपण रोवळीत निथळत ठेवतो. वरून तांब्याभर पाणी ओतलं तर ते लगेच सगळं खाली येत नाही. तांदळाच्या दाण्यांत फिरत राहतं, आणि रोवळीच्या खालच्या कडेनं थेंब थेंब किती तरी वेळ पडत राहतं. डोंगर तसाच. वरची माती, मुरूम, भेगा पडलेला दगड हे तांदूळ. पावसाचं पाणी त्यात शिरतं, खाली उतरतं. खाली अखंड कातळ लागला की त्याला आणखी खाली जाता येत नाही, मग ते कातळावरून आडवं सरकत राहतं आणि उताराला जिथं तोंड मिळेल तिथं बाहेर येतं. ते आपलं उंबराचं पाणी. आता रोवळीतले तांदूळच काढून घेतले आणि वरून पाणी ओतलं तर? धाडकन पडेल आणि संपेल. मुरूम काढणं म्हणजे हेच. पाऊस पूर्वीइतकाच पडेल, पण जूनमध्ये ओढ्याला लोंढा येईल आणि फेब्रुवारीत उंबर कोरडा.

झऱ्याचं तोंड खाली असतं आणि पोट वर. आपण तोंडाला कुंकू लावतो, नारळ फोडतो, पोटाकडं कोणी बघत नाही.

पण डोंगराचा नेमका कुठला भाग आपल्या झऱ्याला पाणी देतो हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. दगडाचे थर कलते असतात, कधी कधी पाणी डोंगराच्या पलीकडच्या अंगानंही येतं. म्हणून आम्ही भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या कार्यालयाला अर्ज दिलाय, की येऊन बघा. त्यांची माणसं येतील तेव्हा येतील. तोवर आपण करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते आम्ही सुरू केलंय.

पहिलं काम मोजायचं. पंधरा लिटरचा हंडा चिरेखाली लावायचा आणि मोबाइलच्या घड्याळावर वेळ बघायची. मार्गशीर्षात आमचा हंडा सव्वा मिनिटात भरत होता. आत्ता चैत्रात नऊ मिनिटं लागतात. ऐकून धस्स होतं, नाही का? पण हिशेब करा. नऊ मिनिटांत पंधरा लिटर म्हणजे तासाला शंभर, आणि दिवसरात्र मिळून चोवीसशे लिटर. आमच्या वाडीत अडतीस घरं, एकशेनव्वद माणसं. माणशी बारा लिटर पडतं. अंघोळीला, कपड्यांना पुरणार नाही, पण पिण्याला आणि भाकरी-भाताला पुरतं. मग भांडणं का होतात? कारण आपण पहाटे आणि संध्याकाळी भरतो. रात्री दहा ते सकाळी सहा, ह्या आठ तासांत आठशे लिटर पाणी कोणाच्याही हंड्यात न पडता ओढ्यात जातं. आमची भांडणं होतात ती ह्या आठशे लिटरांवरून, आणि ते आम्ही झोपलेलो असताना वाहून जातं. हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा खोली एकदम गप्प झाली होती.

म्हणून आता आम्हाला पोढी बांधायची आहे. लहानशीच, हजार लिटरची, झाकणाची. रात्रीचं पाणी त्यात साठेल, सकाळी तोटीनं भरायचं. पण बांधताना काही गोष्टी पाळायला हव्यात, आणि त्या आम्ही जाणत्या माणसांना विचारून घेतल्यात. झऱ्याची चीर छिन्नीनं मोठी करायची नाही. तोंड मोठं केलं की पाणी वाढतं असा आपल्याकडे समज आहे. पाणी तेवढंच राहतं, आणि कधी कधी वाट बदलून दुसरीकडंच निघून जातं. टाकीतलं पाणी चिरेच्या वर चढता कामा नये, म्हणून जादा पाणी जाण्याचा पाइप चिरेच्या खालच्या पातळीला ठेवायचा. नाहीतर मागं दाब बसून झरा दुसरी वाट शोधतो. झऱ्याच्या वरच्या अंगाला आडवा चर काढायचा, म्हणजे पावसाचं गढूळ पाणी, शेण, माती बाजूनं निघून जाईल. गुरांसाठी डोण पार खाली, जादा पाण्याच्या पाइपावर. धुण्याचा दगड त्याच्याही खाली. हे शेवटचं ठरवायला आम्हाला दोन बैठका लागल्या, कारण धुण्याचा दगड हलवणं म्हणजे गप्पांची जागा हलवणं.

दुसरं काम तपासायचं. पाणी तपासायची पेटी, तिला सगळे एफटीके म्हणतात, ती आता बहुतेक गावांत आलेली आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायांना ती वापरायला शिकवायचं, असं ठरलेलं आहे. तुमच्या गावात कोण पाच ते शोधा. पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटात धूळ खात पडली असेल तर मागून घ्या. त्यातच किंवा वेगळी एक लहान बाटली मिळते, जंतूंच्या चाचणीची. खुणेपर्यंत पाणी भरायचं, बूच घट्ट लावायचं, उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायची. पाणी काळं पडलं तर त्यात शौचातून येणारे जंतू असण्याची शक्यता मोठी. आम्ही दोन बाटल्या भरल्या होत्या. एक थेट चिरेतल्या धारेची, दुसरी खालच्या डबक्यातली, जिथं आपण हंडा बुडवतो. चिरेतल्या धारेची बाटली तशीच राहिली. डबक्याची दुसऱ्या दिवशी सकाळी काळी कुळकुळीत. दोन्हींत अंतर किती? हातभर. डोंगरानं चांगलं दिलं होतं, आपण हातभरात घाण केलं. बाटली आशाताईंकडे ठेवली होती, वाडीतली प्रत्येक बाई येऊन बघून गेली. शंभर भाषणांनी जे झालं नसतं ते त्या बाटलीनं केलं. तेव्हापासून डबक्यात पाय घालून कोणी उभं राहत नाही.

एकदा बाटली काळी झाली नाही म्हणून वर्षभर निर्धास्त राहायचं, असं मात्र नाही. पहिला पाऊस पडला की पुन्हा तपासायचं, पावसाळा संपला की पुन्हा. बाकीच्या गोष्टींसाठी सरकारी प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा, ग्रामसेवकाला सांगितलं की तो पाठवतो. आणि संशय असेल तेव्हा पाणी उकळून प्या. चांगली खळखळून उकळी यायला हवी, नुसतं कोमट नाही. सरपण जातं हे खरं. पण लहान लेकराला जुलाब लागले की शहापूरला न्यायचा खर्च सरपणापेक्षा जास्त होतो, हा हिशेब आपण सगळ्यांनी कधी ना कधी केलेला आहे.

तिसरं काम सगळ्यात अवघड. उंबराची जागा वनखात्याच्या हद्दीत येते. तिथं टाकी बांधायची तर परवानगी हवी. त्यासाठी २००६ च्या वनहक्क कायद्यात सोय आहे. कलम ३ च्या पोटकलम २ मध्ये पिण्याचं पाणी, जलवाहिनी, पाणी साठवण्याची लहान बांधकामं अशा गावच्या सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. ग्रामसभेची शिफारस लागते आणि हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. आम्हाला तर एकही तोडायचं नाही, उंबर राहिलाच पाहिजे. वरचा टेप मालकीचा आहे. पण आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, आणि पेसा कायद्याप्रमाणे अशा भागात गौण खनिजाचा परवाना देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. मुरूम गौण खनिजातच येतो. आमच्या ग्रामसभेत हा विषय कधी आलाच नव्हता. तेव्हा कोणती शिफारस झाली, कोणी सही केली, त्याची नक्कल आम्ही लेखी मागितली आहे.

अवघड म्हणालो ते कायद्यामुळे नाही. आमच्याच गटांतल्या तीन घरांचे ट्रॅक्टर त्या मुरमावर चालतात. त्यातल्या एका ट्रॅक्टरचं कर्ज आमच्याच ग्रामसंघातून गेलंय. मुरूम थांबला तर हप्ता थांबतो, आणि हप्ता थांबला तर तो मागायला आम्हालाच जावं लागणार. त्या घरातली वहिनी बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, "पाणी मलाही प्यायचंय, पण माझ्या घरात दिवसाला जे येतं ते त्या टेपातूनच येतं." तिला गप्प बसवणं सोपं होतं. आम्ही ते केलं नाही. दोन बैठका ह्यावर गेल्या, आवाज चढले, एक जण उठूनही गेली. शेवटी असं ठरलंय, की मुरूम काढायचाच असेल तर ओढ्याच्या पलीकडच्या पडीक टेकाडावरून काढावा, तिथं झरा नाही, वस्ती नाही. रस्त्याच्या कामाला तेवढं अंतर जास्त नाही. ठेकेदार मानेल का ते ठाऊक नाही. उंबराच्या वरच्या टेपाला मात्र हात लागू द्यायचा नाही, ह्यावर अडतीसच्या अडतीस घरांच्या बायांनी अंगठा किंवा सही दिलीय. वहिनीनंही दिलीय.

आता पुढं काय ते सांगतो आणि थांबतो. १ मेची ग्रामसभा आहे. त्याआधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती आमच्याकडे २८ एप्रिलला सकाळी अकरा वाजता शाळेत आहे. ज्या शेजारच्या वाड्यांना असाच झरा आहे त्यांनी आपल्या बाया घेऊन या. येताना झऱ्याच्या मोजणीची वही आणा. वही नसेल तर उद्यापासून तीन दिवस हंडा लावून वेळ लिहा, तेवढंही चालेल. त्या दिवशी पाणी तपासायची पेटी तिथं असणार आहे, तेव्हा स्वच्छ धुतलेल्या, उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटलीत आपापल्या झऱ्याचं पाणी त्याच दिवशी सकाळी भरून आणा, आदल्या रात्रीचं नको. बाटलीवर कोणत्या झऱ्याचं आणि चिरेतलं की डबक्यातलं ते लिहा. जेवणाची सोय आमच्या वाडीकडे, आणि प्यायला पाणी उंबराचंच, उकळलेलं.